बत्तीस मणक्यांची मान

इंग्लंडमधल्या पीटरबरोला राहायला आले तेव्हा या गावाची ओळख मला दोनच गोष्टींनी झाली होती. एक इथलं कॅथीड्रल आणि दुसरी विटा. लंडनच्या आजूबाजूला दोन-तीन पिढ्यांपूर्वी बांधलेली घरं तुम्ही पाहिली असतील, त्यातल्या कितीतरी घरांच्या विटा इथल्या मातीच्या आहेत. फ्लेटन नावाची वस्ती गावाला लागूनच आहे, त्या विटांनाही फ्लेटनच म्हणतात. ही माती जरा वेगळी आहे. तिच्यात सेंद्रिय अंश इतका आहे की भट्टीत एकदा तापली की वीट बरीचशी स्वतःच्याच अंगातल्या इंधनावर भाजते, कोळसा फार कमी लागतो. भूगर्भशास्त्रात तिला ऑक्सफर्ड क्ले म्हणतात. तिचा जो खालचा थर विटांसाठी खणला गेला, तो सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीच्या एका उथळ, उबदार समुद्राचा तळ आहे. इंधन म्हणजे त्या समुद्रात मरून खाली साचलेलं सगळं. आणि त्या सगळ्यातच हाडंही आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या माना आणि कंबरा बघते. एका संग्रहालयाला जीवाश्मांच्या साफसफाईसाठी स्वयंसेवक हवे होते. 'पूर्वानुभवाची गरज नाही, हात स्थिर हवा आणि चिकाटी हवी' असं त्यांनी लिहिलं होतं. संग्रहालयाचं नाव इथे देत नाही, कारण तिथल्या मंडळींना विचारलेलं नाही. अर्ज केला, त्यांनी बोलावलं. पहिल्याच भेटीत तिथल्या संवर्धक बाईंनी एक मातकट गोळा माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, हे काय वाटतं? मी म्हटलं, मणका. त्या म्हणाल्या, कुठला? मी म्हटलं, मानेचा असावा, पण माणसाचा नाही. एवढ्यावर माझी निवड झाली असं मी सगळ्यांना सांगते. आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर ती वाईहून म्हणाली, "अगं, माणसांचे मणके कमी पडले का तुला?"

तो मणका क्रिप्टोक्लायडस नावाच्या प्राण्याचा होता. प्लेसिओसॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांच्या गटातला हा एक मध्यम आकाराचा सदस्य, लांबी साधारण चार मीटर. छोटं डोकं, लांब मान, रुंद आखूड धड, आखूड शेपूट आणि वल्ह्यांसारखे चार पाय. डायनासोर नव्हे. हे वाक्य मला इतक्या वेळा म्हणावं लागतं की आता मी ते आधीच म्हणून टाकते. डायनासोर जमिनीवर फिरत होते त्याच काळात हे समुद्रात होते, पण वंशावळ वेगळी. ट्रायासिक काळाच्या अखेरीपासून ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारापर्यंत, म्हणजे तेरा कोटी वर्षांहून जास्त काळ हा गट टिकला.

हाडं आमच्याकडे आली ती जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यांत. कुणा हौशी संग्राहकाने विटांच्या खाणीतून गोळा केलेली, त्याच्या पश्चात घरच्यांनी दिलेली. इथे ही परंपरा जुनी आहे. आल्फ्रेड लीड्स नावाचा एक शेतकरी गावाजवळच्या आयबरी इथे राहायचा. १८४७ ते १९१७ हा त्याचा काळ. तेव्हा माती हाताने, कुदळी-फावड्याने खणत. हाड दिसलं की कामगार लीड्सला निरोप धाडायचे, तो येऊन एकेक तुकडा उचलायचा, घरी नेऊन धुवायचा आणि जोडायचा. कुठल्याही विद्यापीठाची पदवी नसताना त्याने उभा केलेला संग्रह आज जगातल्या ज्युरासिक समुद्री सरीसृपांच्या उत्तम संग्रहांत गणला जातो. त्याचा मोठा भाग लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे आणि बराच ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात. चार्ल्स अँड्र्यूज या जीवाश्मशास्त्रज्ञाने १९१० आणि १९१३ साली दोन भागांत त्याची जी वर्णनात्मक सूची लिहिली, ती आमच्या टेबलावर अजूनही रोज उघडी असते. शंभर वर्षांपूर्वीची शाईची चित्रं, पण मणका हातात धरून चित्राशी ताडून पाहिला की अँड्र्यूजचा खाचेचा कोनसुद्धा चुकलेला नसतो. पुढे यंत्रं आली. यंत्राचा सुपडा हाड बघून थांबत नाही, त्यामुळे अख्खे सांगाडे मिळणं कमी झालं. आमच्यासोबत एक आजोबा स्वयंसेवक म्हणून येतात, त्यांचं सगळं आयुष्य वीटभट्टीवर गेलं. ते तुकडा बघून सांगतात की हा सुपड्याच्या दाताने तुटलाय की जमिनीतच तुटलेला होता. ताजी भेग स्वच्छ आणि कडक असते, जुन्या भेगेत चिकणमाती शिरलेली असते.

काम सुरू होतं ते कागदावर. प्रत्येक पुडकं उघडण्याआधी त्याचा फोटो, त्यावर काही लिहिलेलं असेल तर त्याचा फोटो, मग क्रमांक. क्रमांक लागेपर्यंत हाडाला हात लावायचा नाही. सुरुवातीला मला हा सरकारी खाक्या वाटायचा. पण कोणता मणका कोणत्या पुडक्यात होता, कोणाशेजारी होता, हाच पुढे मान लावताना मोठा आधार ठरतो, हे नंतर पटलं.

मग माती काढायची. इथे माझा अंदाज असा होता की चिकणमाती म्हणजे पाण्यात भिजवली की सुटेल. पण पाण्याला मनाई. कारण हाडांच्या छिद्रांत पायराइट भरलेलं असतं, म्हणजे लोह आणि गंधक यांचं सोनेरी खनिज. समुद्राच्या तळाशी प्राणवायू नव्हता म्हणून ते तयार झालं. आता त्याला दमट हवा आणि प्राणवायू मिळाला की ते सडायला लागतं, त्यातून गंधकाम्ल तयार होतं, आणि कोट्यवधी वर्षं टिकलेलं हाड एखाद्या कपाटात पांढऱ्या-पिवळ्या भुकटीचा ढीग होऊन बसतं. एका खोक्याचं झाकण उघडलं तर आत नुसती भुकटी आणि गंधकाचा वास. त्यात काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. म्हणून पाण्याऐवजी स्पिरिट, मऊ ब्रश, लाकडी काड्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुई. पायराइटचा कठीण पापुद्रा हाडाला चिकटलेला असला तर दाबाच्या हवेवर चालणारं एक पेन असतं, त्याचं टोक सेकंदाला शेकडो वेळा ठोके मारतं. तोंडाला मास्क, कानांना संरक्षण, बाजूला धूळ ओढणारी नळी. पेन हाडाला लावायचं नाही, पापुद्र्याला लावायचं, आणि तो आपोआप उडेपर्यंत वाट पाहायची. मणक्याची एक बाजू स्वच्छ व्हायला एक अख्खी दुपार जाते. मला हे फार आवडतं. दवाखान्यात वीस मिनिटांत माणूस तपासून, व्यायाम शिकवून, नोंद करून पुढचा घ्यायचा असतो. इथे घाई केली तर ओरडा बसतो.

मधूनमधून एखाद्या तुकड्यावर जुनी, तपकिरी, चकचकीत पुटं दिसायची. कुणीतरी पूर्वी हाड पक्कं करायला लाख लावली होती. शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या संग्रहालयांत हा सर्रास उपाय होता, आणि ती लाख जायची मुख्यतः हिंदुस्थानातून. छोटा नागपूरच्या जंगलात पळसा-कुसुमाच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली लाख इंग्लंडच्या प्लेसिओसॉरला चिकटवत होती, ही गोष्ट मी तिथे सांगितली तेव्हा सगळे काम थांबवून ऐकत राहिले. आता लाख वापरत नाहीत, ती काळाबरोबर कडक होते आणि तडकते. आम्ही पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं द्रव्य ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरतो. पातळ केलं तर हाडात मुरतं, घट्ट ठेवलं तर डिंकाचं काम करतं. उद्या कुणाला जोड उलगडावासा वाटला तर ॲसिटोनने परत सुटतो. जोडलेला तुकडा वाळूच्या पेटीत उभा रोवून ठेवायचा, वजन जोडावर सरळ येईल असा.

खरी मजा आली ती मणके लावायला घेतल्यावर.

माणसाच्या मानेत सात मणके असतात. जिराफाच्याही सातच. सस्तन प्राण्यांत एक-दोन अपवाद सोडले तर हा आकडा ठरलेला. क्रिप्टोक्लायडसच्या मानेत साधारण ३२. त्याच समुद्रात राहणाऱ्या म्युरिनोसॉरसच्या मानेत सुमारे ४४. नंतरच्या क्रेटेशस काळात तर हद्दच झाली. कॅन्सासच्या इलॅस्मोसॉरसच्या मानेत ७२, आणि कॅनडात अल्बर्टा इथे सापडलेल्या अल्बर्टोनेक्टिसच्या मानेत ७६. ज्ञात प्राण्यांत याहून जास्त मणक्यांची मान कुणाचीच नाही. ही मान सात मीटर, आणि अख्खा प्राणी अकरा मीटरच्या आसपास.

टेबलावर सुटे मणके, आणि प्रश्न असा की हा कितवा? मणक्याचा मुख्य ठोकळा म्हणजे कॅरमच्या स्ट्रायकरची जाडजूड आवृत्ती समजा, दोन्ही तोंडं जवळजवळ सपाट, किंचित खोलगट. डोक्याकडचे लहान, धडाकडे जाताना मोठे. पण नुसत्या आकारावर भरवसा ठेवता येत नाही, कारण शेपटीचेही मणके मागे जाताना लहान होत जातात. आता खाली बघायचं. बहुतेक सगळ्या प्लेसिओसॉरच्या मणक्यांच्या खालच्या बाजूला दोन छोटी भोकं शेजारी-शेजारी असतात. रक्तवाहिन्यांची असावीत. हा या गटाचा शिक्काच आहे, किनाऱ्यावर झिजलेला मणका मिळाला तरी ही भोकं दिसली की ओळख पटते. शेपटीच्या मणक्यांवर खालून आणखी हाडं टेकण्याच्या जागा असतात, मानेच्या मणक्यांवर नसतात. म्हणजे शेपूट बाजूला काढता आली.

मग बरगड्यांच्या खाचा. माणसात मान संपते आणि बरगड्या सुरू होतात. काही माणसांत सातव्या मणक्यालाही एक जादा बरगडी असते, ती शिरा दाबते आणि हाताला मुंग्या येतात, असे रुग्ण माझ्याकडे येतात. प्लेसिओसॉरच्या मात्र मानेतल्या प्रत्येक मणक्याला दोन्ही बाजूंनी छोट्या बरगड्या असतात. त्यांची खाच मानेत ठोकळ्याच्या बाजूला, खालच्या अंगाला असते. धडाजवळ जाताना ती मणक्यागणिक वर सरकते. खांद्यापाशी अर्धी ठोकळ्यावर, अर्धी ठोकळ्याच्या वरच्या हाडाच्या कमानीवर, आणि पाठीत पूर्णपणे कमानीवर. हा चढ एकदा डोळ्यांत बसला की मान कुठे संपली हे बोट ठेवून सांगता येतं. आम्ही लांब टेबलावर पांढरा फोम अंथरला आणि मणके लावत गेलो. दोन मणके एकमेकांना टेकवले की कधी नीट बसायचे, कधी मध्ये फट पडायची, म्हणजे मधला एखादा हरवलाय. तिथे जागा रिकामी सोडायची.

आमच्या मणक्यांत आणखी एक गोष्ट होती. बऱ्याच मणक्यांच्या कमानी ठोकळ्यांपासून सुट्या होत्या, आणि तुटलेल्या नव्हत्या. जिथे तुटायला हवं तिथे गुळगुळीत, वळ्या-वळ्यांचा सांधा होता. हे मला शिकवायची गरज पडली नाही. लहान मुलांच्या मणक्यांतही कमान आणि ठोकळा आधी वेगळे असतात, मग तिसऱ्या ते सहाव्या वर्षाच्या सुमारास मानेत ते जुळतात. प्लेसिओसॉरचं वय ठरवतानाही अभ्यासक हाच निकष लावतात. म्हणजे आमचं जनावर वयात आलेलं नव्हतं. संवर्धक बाईंनी नोंदवहीत 'अप्रौढ' असं लिहिलं, आणि मला खोक्यांतल्या हाडांबद्दल पहिल्यांदा जरा वाईट वाटलं.

एडवर्ड ड्रिंकर कोप या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञाची गोष्ट या कामात कुणी ना कुणी सांगतंच. १८६७ साली कॅन्सासमध्ये फोर्ट वॉलेस या लष्करी तळावरच्या थिओफिलस टर्नर या डॉक्टरला एक मोठा सांगाडा सापडला. तो फिलाडेल्फियाला कोपकडे गेला. कोपने १८६८ साली त्याला इलॅस्मोसॉरस हे नाव दिलं, आणि चित्र काढलं त्यात डोकं शेपटीच्या टोकाला. जोसेफ लाइडी या दुसऱ्या जीवाश्मशास्त्रज्ञाने १८७० साली ही गफलत उघड केली. मग कोपने त्या लेखाच्या छापलेल्या प्रती परत मिळवायची धडपड केली. सगळे हे हसत सांगतात. टेबलावर मान लावून बघितल्यावर मला तेवढं हसू येत नाही. ७२ मणक्यांची मान असू शकते हे तेव्हा कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. याच्या आधी, १८२३ च्या डिसेंबरात जीवाश्म गोळा करणाऱ्या मेरी ॲनिंगला इंग्लंडमधल्या लाइम रीजिसच्या किनाऱ्यावर प्लेसिओसॉरचा पहिला संपूर्ण सांगाडा मिळाला, तेव्हा खुद्द जॉर्ज कूव्हिये या फ्रेंच शास्त्रज्ञाला शंका आली होती की एवढे मणके असणं शक्य नाही, कुणीतरी दोन प्राण्यांची हाडं एकत्र जोडली असावीत. फेब्रुवारी १८२४ मध्ये विल्यम कॉनिबेअरने तो सांगाडा लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडला. ज्या बाईने तो कड्यातून काढला ती तिथे नव्हती. स्त्रियांना त्या संस्थेचं सभासद व्हायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं लागली. कूव्हियेने मग आपलं म्हणणं मागे घेतलं. मोठ्या माणसांना या मानेने बरंच छळलेलं आहे.

आता माझा आवडता भाग. लांब मानेचा प्राणी म्हटला की चित्रकार त्याची मान पाण्याबाहेर, राजहंसासारखी वळवून काढतात. स्कॉटलंडच्या लॉक नेस तळ्यातल्या राक्षसाची सगळी दंतकथा या चित्रावर उभी आहे. (ते तळं जेमतेम दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत बर्फाखाली होतं, पण ते असो.) मी मान तपासणारी बाई. माझा पहिला प्रश्न हाच होता की ही मान किती वळते. खऱ्या हाडांशी असला खेळ कुणी करू देत नाही. पण काही मणके स्कॅन करून त्यांच्या प्लास्टिकच्या प्रती छापल्या होत्या. त्या मागून घेतल्या. दोन मणक्यांमध्ये कूर्चेच्या जागी रबराच्या चकत्या ठेवल्या आणि दवाखान्यात करते तसंच केलं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पीळ.

वर वाकवलं की मणक्यांच्या पाठीवरचे उभे काटे लगेच एकमेकांना टेकतात. पीळ जवळजवळ नाहीच, कमानींमधले छोटे सांधे तो अडवतात. बाजूला थोडं वळतं. खाली मात्र वाव बरा आहे. प्रत्येक सांध्यात काही अंश मिळतात, एवढे सांधे असले की बेरीज होते, पण ती मोठ्या, सावकाश वळणाची बेरीज आहे. सापासारखी वेटोळी नाहीत, हंसाचा इंग्रजी एससारखा बाकही नाही. कूर्चा किती जाड धरायची यावर सगळं अवलंबून आहे. जास्त जाड धरली की जास्त वळण. त्यामुळे अभ्यासकांच्या आकड्यांत फरक पडतो. पण वर कमी, खाली जास्त, हे माझ्या टेबलावरही निघालं आणि बऱ्याच अभ्यासांतही तेच आहे. पाण्याबाहेर तर एवढं वजन त्या स्नायूंनी उचलून धरायचं कसं? पाणी होतं म्हणून ही मान शक्य होती.

मग मान होती कशाला? इथे मतं बरीच आहेत आणि एकाच उत्तरावर सगळ्यांना बसवता येणार नाही, कारण तेरा कोटी वर्षांत या गटाने नाना प्रकारचं खाणं करून पाहिलं. ऑस्ट्रेलियातल्या काही इलॅस्मोसॉरांच्या पोटाच्या जागी समुद्रतळावरच्या शिंपल्या आणि कवचधारी प्राण्यांचे अवशेष मिळाले आहेत, म्हणजे ते तळ चरत होते. धड वर तरंगत ठेवून मान खाली सोडायची, याला आमच्या मणक्यांची ठेवण साथ देते. दुसरी शक्यता अशी की मोठं धड मागे अंधुक पाण्यात राहतं आणि छोटं डोकं माशांच्या थव्याला घाबरवत नाही. क्रिप्टोक्लायडसचे दात पाहिले की मला हेही पटतं. बारीक, टोकदार, किंचित बाकदार, जबडा मिटला की वरचे-खालचे दात एकमेकांत अडकून जाळीच होते. तोंडात एकूण शंभराच्या घरात. असल्या दातांनी मोठं काही फाडता येत नाही. छोटे मासे, कोळंबीसारखं काही, माकूल-माखलीच्या जातीचं मऊ काही पकडायचं आणि गिळायचं. ऑक्सफर्ड क्लेमधल्या प्लेसिओसॉरांच्या पोटात अशा प्राण्यांच्या भुजांवरचे बारीक आकडे सापडलेले आहेत.

गळा बारीक नळीसारखा काढतात तोही मला आता खटकतो. प्रत्येक मणक्याला दोन बरगड्या, त्यांना धरणारे स्नायू, वर चरबी आणि कातडं. हा गळा दंडासारखा भरदार असणार. एवढी मान पाण्यात ओढत नेणं महाग पडत नसेल का, असं मी विचारलं होतं. ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०२२ मध्ये संगणकावर या प्राण्यांचे आकार पाण्यातून चालवून पाहिले. मान धडाच्या दुपटीहून लांब झाली की पाण्याचा विरोध खरंच वाढतो, पण धड मोठं असेल तर तो तोटा भरून निघतो. लांब मानेचे प्लेसिओसॉर मोठ्या धडाचे असतात ते उगीच नाही.

एवढं सगळं मानेचं झालं, पण माझं मत विचाराल तर हा प्राणी मानेवर जगत नव्हता. तो वल्ह्यांवर जगत होता. मान संपल्यावर आम्ही पुढच्या उजव्या पायाची हाडं घेतली आणि तिथे मला माझी शरीररचना बाजूला ठेवावी लागली. दंडाचं हाड आखूड आणि खालच्या टोकाला पंख्यासारखं रुंद झालेलं. कोपर जवळजवळ नाही. मनगटाची हाडं फरशीसारखी एकमेकांना घट्ट बसलेली. बोटं पाचच, पण प्रत्येक बोटाला आपल्यासारखी तीन पेरं नव्हेत, पेरांमागून पेरं. सगळं मिळून एक ताठ पातं, ज्याला वळायला खांदा हा एकच सांधा. खांद्याची आणि कमरेची हाडं पोटाखाली सपाट पाट होऊन पसरलेली, मधली जागा पोटाच्या बरगड्यांनी विणलेली. धडाला वाकायला जागाच नाही, आणि ते बरोबर आहे. चार मोठी पाती हलवायची तर मध्ये भक्कम चौकट हवी. धड वाकलं असतं तर निम्मा जोर तिथेच मुरला असता.

चारही पायांनी सारखंच पोहणारा प्राणी आज एकही नाही. समुद्री कासव पुढच्या पायांनी पाण्यात जणू उडतं, मागच्यांनी वळतं. म्हणून हे चार एकत्र कसे चालत, यावर दीडशे-दोनशे वर्षं वाद होता. साउथॅम्प्टन विद्यापीठात दोन पाती एकामागे एक ठेवून पाण्याच्या टाकीत प्रयोग केले, त्याचा निष्कर्ष २०१७ साली आला. पुढच्या पात्यामागे पाण्याचे जे भोवरे सुटतात त्यांचा फायदा मागच्या पात्याने नेमक्या वेळी घेतला, तर त्याचा रेटा ६० टक्क्यांपर्यंत वाढतो आणि कार्यक्षमता ४० टक्क्यांपर्यंत. ताल चुकला तर उलट नुकसान. म्हणजे या जनावराच्या मेंदूत चार पायांचा ठेका पक्का बसलेला असणार. चालण्याचा ताल बिघडलेल्या रुग्णांना मी मोजून पावलं टाकायला लावते, त्यामुळे मला हा शोध मणक्यांपेक्षाही जास्त भावला.

बाकीचं थोडक्यात. ही मंडळी हवेत श्वास घेत, गिल्स नव्हते. रक्त थंड नव्हतं असं दिसतं. दातांमधल्या प्राणवायूच्या समस्थानिकांवरून काढलेलं अंगाचं तापमान ३५ ते ३९ अंश सेल्सिअस निघतं. अंडी घालायला किनाऱ्यावर येत नसत. कॅन्सासमध्ये मिळालेल्या पॉलिकोटिलस या आखूड मानेच्या प्लेसिओसॉरच्या पोटात एकच मोठं पिल्लू होतं, त्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच आणि मोठं, म्हणजे देवमाशांसारखं पिल्लाला बराच काळ सांभाळणं असावं, असा तर्क आहे. तर्कच, पण आमच्या टेबलावरच्या त्या अप्रौढ मणक्यांकडे बघताना तो मनात येतोच. कातडीचा प्रश्न अगदी अलीकडे, २०२५ मध्ये सुटला. जर्मनीत होल्त्समाडेनच्या सांगाड्यावर कातडी टिकलेली होती, शेपटीकडे गुळगुळीत आणि वल्ह्यांवर बारीक खवले. पोटात अनेकदा गुळगुळीत गोटे सापडतात. ते अन्न दळायला की अंगाचा तोल राखायला, यावर अजून भांडणं आहेत.

आईचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता. आपल्याकडे असलं काही का नाही सापडत? वाईला आमच्या घरामागे जो काळा खडक आहे तो ज्वालामुखीचा. गंमत म्हणजे दख्खनचा हा लाव्हा वाहत होता तो काळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे शेवटचे प्लेसिओसॉर संपले तोच. संहाराचा मुख्य दोष आता उल्केकडे जातो, आपल्या सह्याद्रीचा वाटा किती यावर अजून खल चालू आहे. समुद्राच्या गाळाचे ज्युरासिक थर बघायचे तर कच्छला जावं लागतं. तिथे २०१७ मध्ये इक्थिओसॉरचा जवळजवळ अख्खा सांगाडा प्रसिद्ध झाला. तो प्लेसिओसॉर नव्हे, पण त्याच समुद्री सरीसृपांच्या जगातला शेजारी. आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आपल्या डोंगरानेच मारलं त्यांना." मी म्हटलं, "तसं नाही गं आई, उल्का..." पण तोपर्यंत तिने ते शेजारच्या काकूंना सांगूनही टाकलं होतं.

मान आता फोमच्या ट्रेमध्ये आहे. प्रत्येक मणक्यासाठी त्याच्या आकाराचा खळगा कापलेला, न मिळालेल्यांचे खळगे मोकळे. डब्यात ओल शोषणारे सिलिकाचे खडे आणि आर्द्रता दाखवणारी पट्टी आहे, ती दर आठवड्याला कुणीतरी बघतं. डोकं नाही. क्रिप्टोक्लायडसची कवटी नाजूक असते आणि क्वचितच मिळते. पीटरबरोजवळच्या मस्ट फार्म खाणीत २०१४ साली जो साडेपाच मीटरचा प्लेसिओसॉर सापडला, त्याची कवटी चिकणमातीच्या गोळ्यातच होती आणि आधी सीटी स्कॅन करून पाहावी लागली. तो सांगाडा आता ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे आहे.

तुमच्यापैकी कुणी लंडनला येणार असेल तर नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये डायनासोरच्या रांगेत ताटकळण्याआधी समुद्री सरीसृपांच्या दालनात जा. भिंतीवर मेरी ॲनिंगचा प्लेसिओसॉर आहे, तिथे गर्दी नसते. ग्लासगोला जाणार असाल तर हंटेरियनमध्ये लीड्सच्या संग्रहातला क्रिप्टोक्लायडस बघता येईल. मान खांद्यापासून डोक्याकडे बघत जा, आणि बरगड्यांच्या खाचा कुठून खाली उतरायला लागतात ते शोधा. तुमच्या भागातल्या संग्रहालयाला स्वयंसेवक हवे आहेत का, विचारून बघा. माझी पुढची पाळी मागच्या डाव्या पायाची आहे. त्याची पेरं तीन वेगवेगळ्या खोक्यांत विखुरलेली आहेत आणि निम्म्यांवर अजून लाख आहे.